समुद्राकडं तोंड असलेली खोली

आमच्या घरात समुद्र म्हणजे दादर. दुसरा समुद्र आम्हाला ठाऊकच नव्हता. डिसेंबरच्या पाच तारखेला सोलापुरातनं रातच्या गाडीत घुसायचं, संडासाच्या दारापाशी पिशव्यांवर बसून पहाटं उतरायचं आणि शिवाजी पार्कावर रांग धरायची. रांग पुढं सरकते तसा वारा खारट होत जातो. ७ डिसेंबर १९५६ ला त्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला, तेव्हापासून आमच्या लोकांसाठी ती वाळू म्हणजे डोळे पुसायची जागा. माझी आई तिथं एकवीस वेळा गेली. एकवीस वेळांत तिनं एकदाही पाण्यात पाय घातला नाही. मी बारका असताना लाटेकडं पळालो तर दंडाला धरून मागं ओढलं होतं. "खेळायला आलाय व्हय हितं?"

गेल्या वर्षी तिनं विड्या वळायचं सोडलं. चाळीस वर्षं वळल्या. बोटं वाकडी झाली, डोळ्याला पान दिसंना. घरी बसून आठ दिवस झाले असतील नसतील, एका रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "एकदा समिंदर बघायचाय मला."

मी म्हणलं, "सहा तारखेला जाऊच की."

"सहा तारखेचा न्हवं. नुसता."

ह्या 'नुसता'नं मला कामाला लावलं. नुसता समुद्र कुठं मिळतो, कितीला मिळतो आणि आमच्यासारख्या पाच माणसांना तो कोण देतो, ह्याचा मी तीन महिने शोध घेतला. पाच म्हणजे आई, मी, बायको, धाकटी बहीण आणि तीन वर्षांची पोरगी. जे हाताला लागलं ते लिहितोय. पांढरपेशा मंडळींसाठी असलं लिहिणारे शेकड्यानं पडलेत, त्यांना गादीची जाडी बरोबर कळते. आपल्या माणसानं हॉटेलात काय बघावं, फोनवर काय विचारावं, हे कुणी लिहीत नाही. आपला माणूस हॉटेलात राहायला जातो हेच अजून कुणाच्या डोक्यात नाही.

मी सोलापुरात टॉवेलच्या मिलमध्ये लूम चालवतो. बारा तासांची पाळी. महिन्याला सोळा हजार हातात येतात, खाडा झाला की त्यातनं कापून. मोबाईलवर हॉटेलं शोधली की तीन ताटं मांडलेली दिसतात : स्वस्त, मध्यम, भारी. मध्यम म्हणजे रात्रीला दोन ते चार हजार. हे मध्यम कुणाच्या मधलं? माझ्या पाच-सहा दिवसांच्या मजुरीला ते लोक मध्यम म्हणतात आणि एका रात्रीत झोपून संपवतात.

तरी मी स्वस्तातलं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. आईनं उभी हयात डबा घेऊन वस्तीतल्या संडासाच्या रांगेत काढली. दोन-तीन रात्री तरी तिला आतनं कडी लावता येईल असा स्वतःचा संडास पाहिजे, आणि दार उघडलं की समोर पाणी दिसलं पाहिजे. एवढ्या दोनच अटी. ह्या दोन अटी एकत्र केल्या की दर आपोआप 'मध्यम'वर जातो. कारखान्यात आमची भिशी आहे, तिचा माझा नंबर जानेवारीत होता. वीस हजार. त्यातच बसवायचं ठरवलं.

आता किनारा कुठला? अलिबाग, काशीद मुंबई-पुण्याच्या मोटारवाल्यांनी शनिवार-रविवारी भरलेले आणि दर त्यांच्या खिशाला बेतलेले. गणपतीपुळ्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान अगदी वाळूला लागून आहे, जागा देखणी. पण ते सगळं गाव देवळाभोवती फिरतं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या बाईला देवळाच्या रांगेशेजारी ठेवायचं माझ्या जिवावर आलं. तारकर्लीलाही महामंडळाचं आहे, पाणी नितळ म्हणतात. पण तिथली सगळी जाहिरात पाण्याखाली बुडी मारायची, आणि आईला पाण्याच्या वरचाच समुद्र बघायचा होता.

शेवटी दापोली घेतली. त्याला कारण आहे. शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. रामजी सुभेदार पलटणीतनं निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीलाच राहिले. आणि दापोलीजवळच वणंद, रमाईचं माहेर. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण नकाशात दाभोळ आणि वणंद बोटानं जोडून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. आपण समुद्राला पाहुणे नाही. आपल्या माणसांच्या डोक्यावरनं तो पाणी गळत गेलेला आहे.

दापोलीच्या खाली कर्दे, मुरूड, लाडघर, हर्णै असे किनारे लागून लागून आहेत. हर्णै मासेमारीचं बंदर, तिथं आंघोळीचा समुद्र नाही, कामाचा समुद्र आहे. लाडघरला गोटे जास्त. म्हाताऱ्या माणसाला आणि बारक्या पोराला कर्दे आणि मुरूड बरं, वाळू सपाट आणि लांबच लांब. वहीत पाच ठिकाणांचे नंबर लिहिले. दोन कर्द्याचे, दोन मुरूडचे, एक लाडघरचा. पाळी सुटल्यावर रोज एकाला फोन.

तिसऱ्या फोनची गोष्ट सांगायलाच पाहिजे. बोलणारा माणूस आदबीनं बोलत होता. खोली आहे म्हणाला, दर सांगितला, घरगुती जेवण म्हणाला. मग नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव?" आडनावासकट सांगितलं. पलीकडं थोडं गप्प.

"कुठले तुम्ही?"

"सोलापूर."

"नाही, तसं नाही. मूळचे?"

मी म्हणलं, मूळचेही सोलापूरचेच. मग तो म्हणाला, बघून सांगतो, आणि पाच मिनिटांनी सांगितलं की त्या तारखांना सगळं भरलंय. दुसऱ्या दिवशी माझ्या लूमशेजारच्या जोडीदारानं त्याच तारखांसाठी फोन लावला. त्याचं आडनाव चालणाऱ्यातलं. खोली होती. नाष्ट्याला घावणे चालतील का पोहे, हेही विचारलं. जोडीदाराचा चेहरा उतरला, मला म्हणाला, "जाऊ दे की, दुसरं बघ." बघितलंच दुसरं. पण जाऊ दिलं नाही म्हणून इथं लिहितोय.

राज्यघटनेच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात हॉटेल हा शब्द आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते... जातीवरनं कुणाला अडवायचं नाही. देशाच्या सगळ्यात मोठ्या पुस्तकात हॉटेलाचं नाव का घालावं लागलं, हे ज्याला अडवलं त्यालाच कळतं. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर हॉटेल म्हणजे लॉज, खाणावळ, कॉफीचं दुकान सगळं आलं, अशी व्याख्याच दिलीय. म्हणजे घराची खोली भाड्यानं दिली तरी सुटका नाही. पण अडवणारा आता 'तुम्हाला देत नाही' म्हणत नाही. तो 'भरलंय' म्हणतो. भरलंय ह्या शब्दाला कलम लावायचं कसं?

म्हणून माझी रीत आता अशी : आधी तारीख, मग खोली आहे का, मग दर, मग आगाऊ किती. आणि आडनाव आगाऊ पैसे पोचल्यावर. आधारकार्ड शेवटी दाखवावंच लागतं, त्यात लपवायचं काही नाही. लपवायची गरज त्यांना असावी. फक्त आकडा आधी त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा. पाचांतला हा एकच तसा निघाला, बाकी चौघांनी काही विचारलं नाही, हेही लिहून ठेवतो.

दुसरी गोम 'बीचफ्रंट' ह्या शब्दात आहे. फोटोत खोलीच्या उंबऱ्याला लाट लागलेली दिसते. कोकणातल्या ह्या गावांत मांडणी वेगळी असते. घरं रस्त्याच्या कडेला, घरामागं नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या शेवटाला सुरूची झाडं, त्यापुढं वाळू. शिवाय १९९१ च्या अधिसूचनेनं भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामावर बंधनं आली, आणि गावाकडच्या मोकळ्या किनाऱ्यावर तर पहिल्या २०० मीटरांत नवं बांधकामच नको असा नियम होता. नंतर २०११ आणि २०१९ ला नियम बदलले, थोडे सैल झाले, पण वाळूवर घर बांधायची मोकळीक कुणाला नाही. तेव्हा बीचफ्रंट म्हणणाऱ्याला सरळ विचारावं : खोलीच्या दारातनं वाळूपर्यंत पावलं किती? मधे काय आहे? त्या वाटेवर रात्री दिवा आहे का? पावलं विचारली की खरं बोलतात. मीटर विचारले की काहीही सांगतात.

शेवटी दोन ठिकाणं ठरवली. एक रात्र कर्द्याला, समोर खरोखरच समुद्र दिसणाऱ्या खोलीत. पुढच्या दोन रात्री मुरूडला एका बाईच्या वाडीत, अर्ध्या दरात. आईला दोन्ही बघू दे म्हणलं. फेब्रुवारीतले सोमवार ते गुरुवार धरले. नाताळात आणि मे महिन्यात हेच दर दुप्पट होतात, शनिवार-रविवारीही चढतात. जून-जुलैत तर समुद्र खवळलेला आणि मासेमारीही बंद. कारखान्यात चार खाडे पडले.

सोलापूर ते पुणे रेल्वे, स्वारगेटवरनं एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा आम्हाला मोठा आधार झाला. तिघींचं अर्धं, पोरीचं काही नाही, पुरं तिकीट माझं एकट्याचं. बायको कंडक्टरसमोर म्हणाली, "हे एकटेच महाग हाईत."

गाडी महाडवरनं जाते. स्टँडवर थांबली तशी आई उठून उभी राहिली. "तळं कुठल्या अंगाला?" कंडक्टरनं बोटानं दाखवलं आणि घड्याळ बघितलं. "दहा मिनटं आहेत मावशी, जाऊन येणं होणार नाही." तिनं त्या दिशेला हात जोडले. मग खाली उतरून स्टँडवरच्या नळाला बाटली भरून घेतली. तळ्याचं पाणी नव्हे ते, नगरपालिकेचं असणार. पण २० मार्च १९२७ च्या आधी ह्या गावात तिच्यासारखीला भरल्या तळ्याकाठी घोटभर मिळत नव्हतं. ती बाटली तिनं दापोलीपर्यंत मांडीवर धरली आणि एकटीनं प्याली. नातीला सुद्धा दिली नाही.

कर्द्याची खोली बत्तीसशेची. जादा गादीचे सहाशे, वर पाच टक्के कर. (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी हा कर बारा टक्के होता.) एकूण तीन हजार नऊशे नव्वद. दार उघडलं आणि भिंतीच्या जागी काच, काचेत समुद्र. खोटं नव्हतं. बहीण ओरडलीच. आई मात्र दारात चपला काढून उभी. फरशी इतकी पांढरी की पाय टेकवायला तिला संकोच वाटला. एसी लावला तर म्हणाली, बंद कर, गारठा हाडात शिरतोय. बंद केला. मग काच सरकवली तर वारा आला, आवाज आला. काच बंद असली की समुद्र हलताना दिसायचा पण ऐकू येत नव्हता, मुक्यासारखा.

संडासाला कडी होती. तिनं ती तीनदा लावून बघितली. मी गादीवर बसून ऐकत होतो.

आता टॉवेल. ह्या बाबतीत माझ्यापुढं कुणी शहाणपण शिकवू नये. हॉटेल कसं आहे हे मला टॉवेल सांगतो. टेरी टॉवेलला दोन बीम असतात, एक जमिनीचा, एक पाईलचा. पाईलचा ताणा सैल सोडायचा, म्हणजे त्याचे फासे वर उठतात, तेच पाणी पितात. पैसे वाचवायचे तर मालक फासा बुटका करतो आणि वरनं मऊपणाचं रसायन मारतो. असा टॉवेल हाताला लोण्यासारखा लागतो आणि पाणी नुसतं इकडचं तिकडं ढकलतो. कर्द्याचा टॉवेल भरीव होता. उलटा करून किनार बघितली, मुडपलेली शिवण बघितली. आमच्याच भागातला माल. माझ्याच लूमवरचा असेल असं म्हणत नाही, पण असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याचं सूत तोंडानं ओढून काढावं लागायचं, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? पैसा जास्त विणकाम खात्यात, म्हणून जात तिथंच बरोबर आडवी आली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आज मी विणतो, आणि त्या कापडाला कोण कुठलं तोंड पुसतो त्याची यादी मालकाकडंही नाही. तिसऱ्या फोनवाल्याच्या घरात टॉवेल कुठला असेल, हा विचार माझ्या मनात आला. हसू आलं, आणि ते हसू फार बरं नव्हतं.

बाथरूममध्ये पाटी होती : टॉवेलला डाग पडल्यास पाचशे रुपये. कारखान्यातनं तो वजनावर कितीला निघतो ते मला माहीत आहे, म्हणून गप्प बसलो. आईनं पाटी वाचवून घेतली आणि टॉवेल घडी करून परत ठेवला. अंग पदरानं पुसलं. मी म्हणलं, "आई, हे मी विणतोय." ती म्हणाली, "विणतुयास, पर हितं त्येंचा हाय."

संध्याकाळी चहा घेऊन एक पोरगा आला, अंगात हॉटेलचा टी-शर्ट. आईच्या गळ्यातलं बुद्धाचं पदक बघितलं, ट्रे ठेवला आणि हळूच, दाराकडं बघत, "जयभीम मावशी" म्हणाला. परभणीकडचा. चार महिने झाले येऊन. आईनं पहिला प्रश्न विचारला, झोपतोस कुठं? जनरेटरच्या मागं सामानाची खोली आहे, तिथं पाचजण. समुद्रात किती वेळा गेलास? दोनदा. संध्याकाळी पाहुण्यांची जेवणं, सकाळी चादरी, मधे कुठं वेळ? कुठल्याही हॉटेलात गेलात तर मागच्या बाजूला एक चक्कर मारा. पुढची काच सगळ्यांचीच चकाचक असते.

हॉटेलातनं वाळूवर उतरायला लोखंडी फाटक, ते सातला बंद. अंधार पडल्यावर समुद्र आवाज करत होता आणि आम्ही फाटकाच्या आत खुर्च्यांवर बसून ऐकत होतो. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी, असं वॉचमन म्हणाला. खरंही असेल. पण फाटकाला धरून उभ्या राहिलेल्या आईला बघून मला काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी मुरूडला. अठराशेची खोली, जादा गादीचे दोनशे, कराची पावती नाही. पत्र्याची पडवी, भिंतीला गेरू, संडास आत, कडी थोडी घट्ट. समुद्र खोलीतनं दिसत नाही, एकशे वीस पावलं चालावं लागतं, मी मोजली. वाटेत पोफळी. फाटक नाही, आखाड्याची दोन लाकडं आडवी, ती गुरांसाठी. टॉवेल पातळ, फासे झिजलेले, पण चुलीच्या धुराचा वास असलेले आणि उन्हात वाळवलेले. आईनं वापरला.

मालकीणबाईंनी आल्याआल्या आधारकार्डांचे फोटो काढले आणि एवढंच विचारलं, "मासे खाता ना हो?" त्यांची वाडी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवी झाली होती. नारळ, पोफळी, सगळं. पोफळ लावली तर फळाला यायला पाच-सहा वर्षं जातात, तोवर खायचं काय, म्हणून कर्ज काढून ह्या तीन खोल्या. सांगता सांगता नारळ सोलत होत्या, हात थांबला नाही. मध्यम दराचं हॉटेल म्हणजे कुणीतरी गब्बर माणूस, असं माझ्या डोक्यात होतं. इथं हप्ता भरणारी बाई भेटली.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तुम्ही लोक कोणते?" माझा घास थांबला. आई सरळ म्हणाली, "आम्ही जयभीमवाले."

"हां," बाई म्हणाल्या. "मग वणंदला जाणार असाल. रिक्षा सांगू का? येतात ना गाड्या भरभरून." आणि सोलकढी वाढली.

मला बरं वाटलं. आई मात्र एवढ्यावर विश्वास ठेवणारी नाही. जेवण झाल्यावर हात धुवायचं निमित्त करून ती मागच्या मोरीकडं गेली आणि बराच वेळ तिथं रेंगाळली. परत आली आणि माझ्या कानात म्हणाली, "सगळ्यांची ताटं एकाच टोपात हाईत. तिचं बी त्यातच." मोबाईलवर हॉटेलांना तारे देतात, पाचातले साडेचार, चार. ह्या तपासणीला तिथं रकाना नाही.

पहाटे ओहोटी होती. मी उठलो तर आई खोलीत नाही. धावत एकशे वीस पावलं गेलो. ती पाण्यात उभी, घोट्याएवढ्या. लुगड्याचा काष्टा वर खोवलेला. माझ्याकडं न बघता आणखी चार पावलं पुढं गेली. गुडघ्याएवढं झालं. मग एक लाट आली, फार मोठी नव्हती, पण तिला मागं बसवली. मी पळालो. ती वाळूत फतकल मारून बसलेली, केस भिजलेले, आणि हसत होती. मी आईला हसताना बघितलंय, तोंडावर पदर धरून. असं तोंड उघडं टाकून, पोट हलवत, कधी नाही. पोरगी उठून आली तर दोघी मिळून हसायला लागल्या. बायकोनं फोटो काढला, त्यात काही दिसत नाही, नुसतं पाणी आणि दोन ओली डोकी.

थोड्या वेळानं विचारलं, "हे आन दादरचं एकच का रं?"

"एकच."

"मग बरं झालं," म्हणाली. काय बरं झालं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुपारपर्यंत तिथंच बसली. मी वही नेली होती, कविता लिहीन म्हणून. एक ओळ आली नाही.

हर्णैला माशांचा लिलाव बघितला. टोपल्या डोक्यावर घेऊन बायका पाण्यातनं येत होत्या, पाणी मानेवरनं पाठीत गळत होतं. आई म्हणाली, "रमाईचा बाप असाच येत आसंल." वणंदला गेलो, वंदना घेतली. तिथं ती रडली, ते तिचं नेहमीचं.

आता कुणी विचारलं तर सांगतो. ज्यांच्याकडं गुडघे दुखणारं माणूस आहे, चालणं होत नाही, त्यांनी कर्द्याच्या त्या खोलीसारखी खोली एक रात्र घ्यावी. खाटेवरनं समुद्र दिसणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि ती फक्त त्यांच्याच नशिबात का असावी? पण घेताना फाटक किती वाजता बंद होतं ते विचारावं. चालणाऱ्यांनी वाडीतली खोली घ्यावी, पैसे वाचतात, समुद्र तोच. माझी बायको म्हणते कर्देच बरं होतं, गरम पाणी चोवीस तास. तिचंही खरं आहे. ती रोज पहाटे चुलीवर पाणी तापवते. वीस हजारातले दोन हजार शंभर परत आणले.

वस्तीत आता पाच घरांनी ठरवलंय, दिवाळीनंतर जायचं. लहानमोठी धरून तेवीस माणसं. मी मुरूडच्या बाईंना फोन लावला. तीन खोल्या आणि पडवी, डोईला अडीचशे, जेवण वेगळं, असं ठरलं.

"तुमच्या आई येणार ना?" त्यांनी विचारलं.

"त्याच सगळ्यांना घेऊन येतायत."

"बरं. फक्त एक सांगा सगळ्यांना, टॉवेल आपापले आणा म्हणावं. तेवीस माझ्याकडं नाहीत."

मी म्हणलं, टॉवेलचं मी बघतो.